रात्री खाटेजवळ कोण होतं?

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून माणूस बरा होऊन वाडीत परतला की शेजारी विचारतात, "कोणत्या डॉक्टरकडे होतास?" उत्तर मिळते, "मोठ्या डॉक्टरकडे." रात्री दोन वाजता सलाईनची सुई सुटली तेव्हा कोण धावत आले, धाप लागली तेव्हा ऑक्सिजन कोणी लावला, भेदरलेल्या म्हातारीला "आजी, मी आहे इथे" असे कोण म्हणाले, हे कोणाला सांगता येत नाही. नाव विचारायचे राहूनच गेलेले असते. तो डॉक्टर बहुतेक वेळा इंटर्न किंवा निवासी डॉक्टर असतो. चांगला इंटर्न, चांगला निवासी डॉक्टर ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर काय करायचे, हा या वेळचा विषय आहे.

आधी हे दोन शब्द समजून घेऊ. एमबीबीएसची साडेचार वर्षे पूर्ण झाली की मुलाला किंवा मुलीला एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप करावी लागते. त्या वर्षात प्रत्येक विभागात काही आठवडे काम असते. त्यांतले १२ आठवडे जनआरोग्याच्या कामाचे असतात, म्हणजे गावपातळीवरच्या केंद्रांत आपल्याच वाड्यांशी संबंध येतो. निवासी डॉक्टर हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. एमबीबीएस होऊन एमडी किंवा एमएसचे तीन वर्षांचे शिक्षण घेणारा हा डॉक्टर पूर्ण डॉक्टरही असतो आणि विद्यार्थीही. नव्या नियमाप्रमाणे त्याला या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. तेव्हा "शिकाऊ आहे, याला काय कळतं" असे म्हणून त्याला परत पाठवू नये. मोठे डॉक्टर सकाळी राउंडला येतात, उपचार ठरवतात. पण चोवीस तास वॉर्डात असतात ती हीच मुले.

ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाले, दर वर्षी १०० जागांचे. १५ टक्के जागा देशभरासाठी असतात, बाकीच्या राज्यातल्या मुलांसाठी. म्हणजे पांढरा कोट घालून आपल्यासमोर उभी असलेली मुलगी नांदेडची असू शकते, नागपूरची असू शकते. तिला मालवणी येत नाही. आपली आजी म्हणते, "अंगात कसर आसा, गरगरता." एखादा डॉक्टर मान हलवतो आणि कागदावर भलतेच काही लिहितो. दुसरा थांबतो आणि विचारतो, "गरगरतं म्हणजे नेमकं काय होतं आजी? उठल्यावर की झोपल्यावरही?" ओळखण्याची सुरुवात इथूनच होते.

खरे तर या ओळखीची मापे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिली आहेत. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागत आणि आनंद तिथे पोहोचले. इतर भिक्खू का पाहत नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? बाबासाहेबांनी हा प्रसंग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम घेतला आहे. महावग्गात पुढे गिलानाची, म्हणजे आजाऱ्याची, सेवा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस न वाटणे, आणि रुग्णाला धीर देणारे बोलता येणे.

ही मापे आजच्या वॉर्डात लावून पाहा. पहिल्या दोन गुणांत ज्ञान आहे. पण ते ज्ञान ऐकण्यातूनच कामाला येते. पावसाळ्यात ताप आलेल्या माणसाला चांगला डॉक्टर विचारतो, "शेतात चिखलात होता का? पायाला चीर पडलीय का?" कारण लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून येतो, आणि उपचार लवकर सुरू झाले तर फरक पडतो. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तिथल्या माणसाला "काजूच्या बागेत गेला होता का, जंगलात मेलेलं माकड दिसलं का" हे विचारावेच लागते. पाच मिनिटे बसून विचारणारा डॉक्टर मायाळू असतो, हे खरे. पण त्या पाच मिनिटांत तो निदानही करत असतो. मायेला आणि विद्येला वेगळे काढता येत नाही, हे इथे दिसते.

तिसऱ्या गुणाबद्दल फार लिहायला नको. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी देण्याआधी ते रुग्णालयात आहे का, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, आरोग्यमित्राला विचारले का, एवढे पाहणारा डॉक्टर लोभापासून लांब आहे असे समजावे.

चौथ्या गुणापाशी मात्र आपल्याला थांबले पाहिजे, कारण स्पर्शाचा इतिहास आपल्या अंगावर आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या पुस्तिकेत काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ रोजी छापले गेले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठ दोन रुपयांच्या फीला जामीन राहिला तेव्हा तो आला, पण अट घातली की बाईला वस्तीबाहेर आणा. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पाहून न्यूमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठवले, आणि पुन्हा पाहायला आलाच नाही. ती बाई मेली.

विद्या त्याच्याकडे होती. निदानही त्याने सांगितले. नाडी मात्र त्याने धरली नाही.

आज तसे उघड होत नाही. पण आपल्या जिल्ह्यात केसपेपरवरचा पत्ताच पुष्कळ सांगून जातो. 'बौद्धवाडी' हा शब्द वाचल्यावर आवाज बदलतो का, "तुम्ही"चे "तू" होते का, पोट न दाबता लांबूनच औषध लिहिले जाते का, हे आपल्या बायकांना एका क्षणात कळते. पत्ता वाचूनही ज्याचा आवाज बदलत नाही, जो हात लावून तपासतो, "आजी, थोडं दुखेल हां" असे सांगून मग दाबतो, त्या डॉक्टरची नोंद आपण ठेवली पाहिजे. एक खुलासा इथेच करतो. हातमोजे घातले म्हणजे विटाळ मानला असे समजू नये. रक्त, लघवी, जखम यांच्याशी संबंध येतो तेव्हा हातमोजे घातलेच पाहिजेत, रुग्णाच्याही भल्यासाठी. ते सगळ्यांच्या वेळी घातले जातात का, एवढे पाहावे.

पाचवा गुण बोलण्याचा. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक, नीती आणि संवाद हा वेगळा भाग आला आहे. त्यामुळे रुग्णाशी नीट बोलणे हे आता उपकाराचे राहिलेले नाही, ते शिकवले जाते. बांबोळीला पाठवायचे ठरले तर का पाठवतो, तिथे काय होईल, सोबत कोणते कागद न्यायचे, हे समजावून सांगणारा निवासी डॉक्टर त्या घराला अर्धा धीर देऊन जातो. नुसते "रेफर केलंय, घेऊन जा" म्हणणाराही असतो.

महावग्गात आजाऱ्याचेही पाच गुण आहेत, आणि ते आपण सोयीने विसरतो. पथ्य पाळावे, कशातही अती करू नये, औषध घ्यावे, दुखणे सोसावे, आणि दुखणे वाढले, कमी झाले की तसेच आहे ते खरे सांगावे. दारू पितो हे लपवले, गावठी औषध घेतले ते सांगितले नाही, तर कितीही चांगला डॉक्टर चुकणार.

शिवाय ही मुले थकलेली असतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करायला नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे आणि एक दिवस सुटी मिळावी अशी शिफारस केली. ७४ ही कमाल मर्यादा म्हणून सुचवावी लागते, यावरून काय ते समजावे. त्यात आपल्या समाजांतून आलेल्या मुलांच्या वाट्याला आणखी काही येऊ शकते. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात निवासी डॉक्टर असलेल्या डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याची तक्रार कुटुंबाने केली आणि तीन डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. वॉर्डात रुग्णांचे हात धरणाऱ्या मुलीच्या पाठीशी कोण आहे, हा प्रश्न तेव्हापासून आम्हाला सोडत नाही.

बाहेरच्या जगात याची एक रीत बसली आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये पॅट्रिक बार्न्स हा ३३ वर्षांचा तरुण रुग्णालयात वारला. त्याच्या घरच्यांनी नर्सेसचे आभार मानण्यासाठी डेझी पुरस्कार सुरू केला. त्यासाठी रुग्ण आणि नातेवाईकही घडलेला प्रसंग लिहून नाव सुचवतात. तिथेच अर्नोल्ड गोल्ड या डॉक्टरच्या नावाची संस्था आहे. तिच्या एका सन्मानासाठी वैद्यकीय विद्यार्थी माणुसकीने वागणारे निवासी डॉक्टर निवडतात. दोन्हींकडे नाव पुढे आणतो तो प्रत्यक्ष पाहणारा. इंटर्नच्या लॉगबुकात किती टाके घातले, किती प्रसूती पाहिल्या हे लिहिलेले असते. कोणाला धीर दिला हे त्यात येत नाही. अधिष्ठाता रात्री दोन वाजता वॉर्डात नसतात. आपण असतो.

आपल्या विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव दर वर्षी होतो. त्यातच वर्षाला एका इंटर्नचा किंवा निवासी डॉक्टरचा सन्मान करता येईल. नाव वाडीतल्या घरांनी सुचवावे, समितीने नव्हे. आपल्या समाजाचाच डॉक्टर शोधू नये, पाच मापांत बसेल तो घ्यावा. पाकीट किंवा भेटवस्तू देऊ नये, एखादा ग्रंथ पुरे. आणि बॅनरवर डॉक्टरचे नाव प्रमुख पाहुण्यांपेक्षा बारीक अक्षरात येऊ नये. (आमचा अनुभव आहे म्हणून लिहितो.)

पण सन्मानापेक्षा पत्र जास्त कामाचे, कारण ते कार्यालयात राहते. केंद्र सरकारच्या 'मेरा अस्पताल' या व्यवस्थेत २०१६ पासून मोबाइलवरही अभिप्राय देता येतो, तोही जरूर द्यावा. मात्र त्यात प्रसंग मावत नाही. "डॉक्टर खूप चांगले आहेत" एवढे लिहून भागत नाही, काय घडले ते लिहावे. कोटावरच्या पट्टीवरून नाव आधीच टिपून ठेवावे. नमुना असा:

"प्रति, मा. अधिष्ठाता. माझी सासू दि. ... पासून वॉर्ड क्र. ... मध्ये दाखल होती. दि. ... रोजी रात्री ... वाजता तिला धाप लागली. डॉ. ... (इंटर्न) लगेच आल्या. त्यांनी तिला बसतं करून ऑक्सिजन लावला, वरिष्ठांना फोन केला आणि श्वास बसेपर्यंत तिचा हात धरून उभ्या राहिल्या. काय झालं ते आम्हाला समजेल अशा शब्दांत सांगितलं. सकाळी ड्युटी संपल्यावरही येऊन पाहून गेल्या. याची नोंद त्यांच्या कामात व्हावी. नाव, वाडी, गाव, सही किंवा अंगठा."

वाईट वागणूक मिळाली तरी असेच लिहावे: तारीख, वेळ, वॉर्ड, नेमके शब्द. दोन्ही पत्रांच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक-जावक विभागाचा शिक्का, तारखेसह, घेऊनच घरी यावे.