हिमयुगात पर्वतावरील वनस्पती कशा तगल्या?

(वरच्या इयत्तांसाठी भूगोल व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू : एखादी घटना पाहणारा कोणी नसला, तरी मागे राहिलेल्या खुणांवरून तिचा शोध कसा घेता येतो, हे विद्यार्थ्यांस उमजावे, हा या पाठाचा मुख्य हेतू होय.

विषयप्रवेश : युरोपच्या नकाशात आल्प्स पर्वत दाखवावा. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे सुमारे २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी, या पर्वताचा बहुतेक भाग बर्फाखाली होता. ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यात बर्फाचा थर दीड किलोमीटरहून जाड होता. पूर्वी असे हिमयुग होऊन गेले, हा विचार लुई आगासी यांनी १८३७ साली न्यूशातेल येथे विद्वानांपुढे मांडला. आज त्याच पर्वतावर शेकडो जातींची फुले उमलतात. मग या वनस्पती त्या काळी होत्या कोठे? हा प्रश्न फलकावर लिहावा व मुलांना तर्क करू द्यावा.

विवेचन : या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली. पहिले ‘कोऱ्या पाटी’चे. बर्फाने पर्वत पाटीसारखा पुसून काढला, वनस्पती केवळ पर्वताच्या काठावरील बर्फमुक्त आश्रयस्थानांत उरल्या आणि बर्फ वितळल्यावर तेथून पुन्हा वर चढल्या. दुसरे उत्तर असे की, हिमसागरातून बेटांसारख्या वर राहिलेल्या शिखरांवरही काही वनस्पती टिकून राहिल्या. अशा शिखरांना ‘नुनाटाक’ म्हणतात. हा शब्द ग्रीनलंडच्या रहिवाशांच्या भाषेतील आहे.

शिखरावर जीव तग धरील का, अशी शंका मुले घेतील. त्यांना सांगावे की, स्वित्झर्लंडमधील डोम शिखरावर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर सॅक्सिफ्रागा ही जांभळ्या फुलांची वनस्पती आजही वाढते. जमिनीलगत उशीसारखी दाट वाढ असली, म्हणजे वाऱ्यापासून बचाव होतो व उन्हाची ऊब धरून ठेवता येते.

वर्गातील कृती : मूग, मटकी, तूर, हरभरा, वाटाणा व चवळी यांचे पसाभर मिश्रण टेबलाच्या कडेला ठेवावे. हे काठावरील आश्रयस्थान. त्यातून एक मूठ उचलून थोडी पुढे ठेवावी, त्या मुठीतून एक चिमूट आणखी पुढे न्यावी. प्रत्येक टप्प्यावर कडधान्याचे किती प्रकार उरले, ते मुलांनी मोजावे. दूर जाताना प्रकार बहुधा घटत जातात. आता टेबलाच्या मध्यभागी गुपचूप थोडे कुळीथ ठेवून विचारावे, ‘कडेच्या ढिगात कुळीथ नाहीत, मग हे तेथून आले असतील काय?’

वनस्पतींची परीक्षा याच तत्त्वावर होते. दीर्घकाळ अलग राहिलेल्या वस्तीच्या आनुवंशिक द्रव्यात तिचे स्वतःचे असे बारीक फरक साठतात. निळ्या फुलांच्या एरिट्रिकियम नानम या वनस्पतीची मध्य आल्प्समध्ये तपासणी झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अंतर्भागातील वस्त्यांत असे वेगळेपण आढळले; ते नुनाटाकवर टिकाव धरल्याचे निदर्शक ठरले. २००५ साली अनेक जातींच्या अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हा काठावरील आश्रयस्थानांनाही भक्कम पुरावा मिळाला. दोन्ही उत्तरांत तथ्य होते. जातीपरत्वे उत्तर निराळे. मात्र वाऱ्याने दूर गेलेल्या बिया अशा खुणा पुसट करू शकतात, म्हणून एकाच खुणेवर निर्णय देऊ नये, हेही सांगावे.

आजचे महत्त्व : थंडीत आश्रय खाली काठाशी मिळाला, वर शिखरांवरही मिळाला. आता हवामान तापत आहे. युरोपातील ३०२ शिखरांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खालच्या जाती वर चढण्याचा वेग वाढल्याचे दिसले. शिखराच्या वर मात्र जागा नाही. हजारो वर्षे तगलेली वस्ती नष्ट झाली, तर दुसरीकडून तीच जात आणून लावता येईल. परंतु तिचे ते वेगळेपण परत येणार नाही.

सूचना : आपल्या सह्याद्रीवर असे बर्फाचे आवरण नव्हते. कास पठारावरील फुलांना हा इतिहास लावू नये.

स्वाध्याय :
१. ‘कोरी पाटी’ व ‘नुनाटाक’ या मतांतील फरक सांगा.
२. कुळीथ कडेच्या ढिगातून आले नाहीत, हे कशावरून ठरवाल? कोणता पुरावा मिळाल्यास तुमचे मत बदलेल?