अभ्यासक्रमनिर्मितीत यायचंय?

प्रश्न : मी सहा वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवते. अभ्यासक्रम विकसनात काम करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमची सुरुवात वर्गात झालेलीच आहे, आणि तीच तुमची खरी पुंजी आहे. ‘बालभारती’च्या विषय समित्यांमध्येही वर्गात शिकवणारे शिक्षक असतात. आता एकच घटक घ्या, समजा अपूर्णांक. मुलं १/४ हे १/३ पेक्षा मोठं का मानतात? कारण ४ हा आकडा ३ पेक्षा मोठा. ही चूक कुठल्या कृतीने दूर झाली, कुठली कृती फसली, हे तारखेसह लिहून ठेवा. मग त्या घटकाचे पाठ, कृतिपत्रिका आणि मूल्यमापन स्वतः तयार करून दुसऱ्या शिक्षिकेला वापरायला द्या. तिला जिथे तुम्हाला विचारावं लागेल, तिथे तुमचं लेखन अपुरं आहे.

सोबत २००५ आणि २०२३ चे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडे शेजारी ठेवून वाचा. पदवी हवी असल्यास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या शिक्षणविषयक अभ्यासक्रमांची चौकशी करा. नोकरी मात्र एवढ्यात सोडू नका. पुढे अभ्यासक्रम विकसनाच्या कामासाठी अर्ज कराल, तेव्हा त्यासोबत प्रमाणपत्रांच्या आधी तो अपूर्णांकांचा संच जोडा.