पाया घेताना पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

पायाच्या रश्श्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते खोबऱ्यावर. मटणाच्या रश्श्याला अंग यावं म्हणून आपण खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटतो आणि सवयीनं तेच वाटण पायालाही लावतो. पायाला त्याची गरज नसते. बकऱ्याच्या पायात मांस जवळजवळ नसतंच. असतं ते कातडं, शिरा, कूर्चा आणि हाड. त्यातलं कोलॅजन मंद आचेवर विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रस्सा आपसूक दाट, ओठांना चिकटणारा होतो. म्हणजे दाटपणाचे पैसे आपण खाटकाकडेच मोजलेले असतात. वर खोबरं, काजू घातले की रस्सा जड होतो आणि चव दबून जाते. पायाला हवं असतं ते आंबट, झणझणीत आणि उग्र. हे सगळं खोबऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं.

अहिल्यानगर जिल्ह्यात बकऱ्यांना तोटा नाही. इथल्या एका तालुक्याच्या नावानं शेळीची एक जातच ओळखली जाते, संगमनेरी. उस्मानाबादीही घरोघर दिसते. तरी पाया मागाल तेव्हा मिळेल असं नाही, कारण एका बोकडाला पाय चारच आणि घेणारी नेहमीची घरं ठरलेली. रविवारी आणि बुधवारी कापणी जास्त होते, तेव्हा आदल्या दिवशी खाटकाला सांगून ठेवावं आणि सकाळी लवकर जावं. खेड्यात आठवडे बाजाराचा दिवस गाठावा. आखाडात, विशेषतः आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात, मुंडी-पायासाठी झुंबड असते. श्रावणात मागणी बरीच उतरते. श्रावण न पाळणाऱ्यांनी तेव्हा भाव करून पाहावा.

पाया वजनावर मिळत नाही, नगावर मिळतो, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथंच. चार पायांचा भाव एकच असला तरी पाय लहान पिलाचे आहेत की भरलेल्या बोकडाचे, यानं रश्श्यात मोठा फरक पडतो. हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा. पाय कुठून तोडलाय ते बघावं: गुडघ्याच्या सांध्यातून तोडलेला असेल तर नळी पूर्ण येते, खालून तोडला असेल तर नुसती खुरं पदरात पडतात. मागच्या पायाची नळी पुढच्या पायापेक्षा लांब असते, म्हणून चारात दोन मागचे आहेत ना, हे मोजून घ्यायला लाजू नये. तोडलेल्या जागी हाड ओलसर, गुलाबी दिसलं पाहिजे. ती जागा काळवंडलेली, बुळबुळीत असेल तर पाया परत करावा.

पुढचा प्रश्न भाजण्याचा. कच्चे केसाळ पाये स्वस्त पडतात, भाजून-खरवडून दिलेले महाग. घरच्या शेगडीवर आठ पाये भाजायला पाऊणएक तास जातो, गॅस लागतो सात-आठ रुपयांचा, आणि जळक्या केसांचा वास दिवसभर घरात राहतो. ज्यांच्या अंगणात चूल आहे त्यांनी खुशाल घरी भाजावेत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी भाजणावळीचे पैसे द्यावेत, ते वाया जात नाहीत. मात्र समोर उभं राहून भाजून घ्यावेत. पायाला रॉकेलचा किंवा जळक्या रबराचा वास येत असेल तर तो कुठल्याही मसाल्यानं जाणार नाही आणि तसं खाणं आरोग्याला वाईट. नख्या गरम असतानाच उपटून घ्याव्यात आणि दोन नख्यांच्या बेचक्यातले केस सुरीनं काढायला लावावेत. घरी आणल्यावर हळद-मीठ किंवा बाजरीचं पीठ चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवावेत. या कामात आळस झाला की पुढचा सगळा मसाला वासाशी झगडण्यातच खर्च होतो.

आता पाच माणसांचा हिशेब. यातले आकडे मी मांडणीसाठी धरले आहेत. तुमच्या बाजारातला भाव घालून ते बदला. चार कच्च्या पायांचे २०० रुपये धरले तर आठांचे ४००. भाजणावळ ८०. कांदा, आलं, लसूण, कोथिंबीर मिळून ३५. काळा मसाला, मिरी, दगडफूल आणि तेल ३५. लिंबं १०. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो ९०० रुपयांना धरला तर किलोला साधारण ६३ रुपये पडतात. मोठी शेगडी पूर्ण आचेवर तासाला दीडशेएक ग्रॅम गॅस खाते, मंद आचेवर पन्नासच्या आसपास. म्हणजे कुकरमध्ये पहिला दाब आल्यावर आच कमी करून पाऊण-एक तास शिजवलं आणि नंतर फोडणी दिली, तरी गॅस ८ रुपयांच्या घरात. एक किलो बाजरीचं पीठ ४०. बेरीज ६०८, माणशी १२० रुपयांच्या थोडं वर.

हाच रस्सा उघड्या पातेल्यात मंद आचेवर पाच तास ठेवला तर गॅस वाढतो तो पंधराएक रुपयांनी. पातेल्यातला रस्सा जास्त निवळ होतो, फेस काढता येतो, आणि चवीतला फरक मला तरी तेवढ्या पैशांचा वाटतो. रोजच्या धबडग्यात मात्र कुकरच बरा.

हा आकडा किलोभर मटणाच्या बेतापेक्षा कमी दिसतो, पण पाया म्हणजे स्वस्त मटण असं समजू नका. पोटात जाणारं मांस फार थोडं असतं. ताट भरतं ते भाकरीनं. माणसं वाढली तर पाये वाढवण्याऐवजी दीडशे ग्रॅम भिजवलेली हरभऱ्याची डाळ रश्श्यात सोडावी. पंधराएक रुपयांत दोन माणसं जास्त जेवतात, आणि डाळ तो चिकट रस्सा फार छान धरते.

चवीकडे वळू. भाजलेल्या पायाला धुराचा वास असतो, तेव्हा त्याच कुळातला मसाला त्याला मानवतो: दगडफूल, मसाला वेलची, तमालपत्र, आपला काळा मसाला. आलं आणि लसूण मटणाला घालता त्याच्या दीडपट घ्यावं. मिरी शेवटी, जाडसर कुटून. या दाट रश्श्याला लाल तिखटापेक्षा मिरीचाच तिखटपणा हवा. नगरच्या घरात येसूर असतोच. तो एक चमचा पुरे, तोही भाजक्या धान्याच्या खमंगपणासाठी. आमटीला घालतो तसा मूठभर घातला तर खळ होईल. दालचिनी जपून घालावी. साय, काजू, साखर यांना इथं काम नाही.

सगळ्यात मोठं काम आंबटाचं. जिलेटिन जिभेवर थर धरतं, दोन घासांनंतर चव बोथट होते. आंबट तो थर कापतं. लिंबू पातेल्यात पिळू नये, उकळीत त्याचा सुवास जातो, ताटात पिळावं. उन्हाळ्यात लिंबू महागलं की कैरीची फोड किंवा चिंचेचा कोळ चालतो. अंबाडीची भाजी मिळाली तर जरूर घालून पाहा: मूठभर पानं शेवटच्या दहा मिनिटांत सोडली की वेगळ्या आंबटाची गरज उरत नाही. सोबत कच्चा कांदा, मुळा आणि ठेचा.

डुकराचे पाय खाणाऱ्यांनाही हीच दिशा उपयोगी आहे. ते नेहमीच्या मटणाच्या दुकानात नसतात, जिथे डुकराचं मांस विकलं जातं तिथेच विचारावं लागतं. पाय मोठा, कातडं जाड, चरबी जास्त. म्हणून दहा मिनिटं उकळून पहिलं पाणी टाकून द्यावं, आणि पुढे हाडापासून कातडं सुटेपर्यंत पूर्ण शिजवावं. कच्चट राहिलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमीचा धोका असतो. चरबी जास्त असल्यानं आंबटही जास्त लागतं. गोव्यात डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलला व्हिनेगर असतंच. जर्मनीत डुकराच्या पायाच्या नळीसोबत आंबवलेला कोबी वाढतात, फिलिपिन्समध्ये तळलेला पाय व्हिनेगर-सोयात बुडवून खातात, आणि दक्षिण चीनमध्ये बाळंतिणीला हे पाय भरपूर आलं आणि काळ्या गोडसर व्हिनेगरमध्ये शिजवून देतात. आपल्याकडचं पाहायचं तर शेजारच्या मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली आहे. जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवता, थोडक्या साहित्यात कसं रांधलं जायचं, हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांनी ते वाचावं.

हॉटेलात पाया सूप मागवलंत तर ते थोडं निवू द्या. खरा रस्सा थंड होताना बोटांना चिकटतो आणि फ्रिजमध्ये चक्क थिजतो. मक्याच्या पिठानं दाट केलेला रस्सा दाट असूनही बोटांना तसा चिकटत नाही. हॉटेलवाल्यानं किंवा दुकानदारानं मापात किंवा मालात फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती मागून ठेवली असेल तर तक्रारीला बळ येतं.

हाड मोडलेल्या माणसाला महिनाभर रोज पाया पाजायचा असा बेत अनेक घरांत ठरतो आणि त्यावर हजारो रुपये जातात. हाडं उकळलेल्या पाण्यात कॅल्शियम फार कमी उतरतं, आणि जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतं. रुग्णाला आवडत असेल तर आठवड्यातून एकदा जरूर द्या. बाकीचे पैसे दूध, अंडी, डाळी आणि नाचणीवर घाला, आणि औषध डॉक्टर सांगतील तेच चालू ठेवा.