चढावरची बॅटरीगाडी

(बी. ए., द्वितीय वर्ष)

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने मोटर आणि बॅटरी यांवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक पुन्हा उघडावे लागेल असे मलाही वाटले नव्हते. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातच असा प्रश्न उभा राहिला की, तो समजून घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्या खटाटोपात जे कळले ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे मांडते.

आमच्या गावाजवळ टेकडीवर देवस्थान आहे. पायथ्यापासून वरपर्यंत १२०० मीटरांचा रस्ता. माझे वडील, अण्णा, पूर्वी या रस्त्यावर डोली वाहत. आता दादा तेथेच बॅटरीची गाडी चालवतो. गाडी मालकाची, दादाला खेपेमागे पैसे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, आणि माझी फी या खेपांतूनच भरली जाते. तेव्हा गाडी चढावर किती वेगाने जाते हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ पुस्तकी नव्हता.

ही गाडी मुळात गोल्फच्या मैदानासाठी बनवलेली. दोन खेळाडू, त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या आणि जवळजवळ सपाट हिरवळ, एवढाच तिचा संसार. आमच्याकडे तिला मागे बाके जोडून दादासह सहा माणसे बसवली आणि टेकडीला जुंपले. शेवटच्या वळणावर ती मुंगीसारखी चाले. एके दिवशी ती तेथेच थांबली आणि हातभर मागे घसरली. दादाने ब्रेक दाबून धरला, पण आतल्या आजीबाई किंचाळल्या आणि सारे उतरून पायी वर गेले.

मालक म्हणाले, "मोठी मोटर टाकू, वेग दुप्पट करू." दादा रात्री मला म्हणाला, "तू एवढी कॉलेजला जातेस, नुसती मोटर बदलून भागेल का तेवढं कुणाला तरी विचारून सांग."

मी आमच्या हायस्कुलातील विज्ञानाच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी प्रथम वळणावरचा चढ मोजायला लावला. तो ८ मीटरांना १ मीटर इतका भरला. मग त्यांनी गणित मांडले. गाडी सुमारे ५०० किलो, माणसे ३५० किलो, एकूण ८५० किलो. एवढे वजन ताशी ९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अडीच मीटर वेगाने या चढावरून न्यायचे तर केवळ वजन उचलण्यासाठी सुमारे २६०० वॅट शक्ती लागते. चाकांच्या घर्षणासाठी आणखी ४०० वॅट धरा. एकूण ३०००. सपाटीवर त्याच वेगाला ते ४०० वॅटच पुरतात. म्हणजे चढावर सपाटीच्या सातपटीहून अधिक काम पडते! अशा गाडीची मोटर साधारण ३ अश्वशक्तीची, म्हणजे सव्वादोन हजार वॅटच्या आतबाहेरची असते. थोडा वेळ ती याहून अधिक भार ओढते, पण तापते.

आता ही शक्ती येते कोठून? गाडीत ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यांचे मिळून ४८ व्होल्ट होतात. मोटर, गिअर वगैरेंत वाया जाणारे जमेस धरले तर ३००० वॅटसाठी बॅटरीतून ४३०० वॅट तरी निघावे लागतात. म्हणजे सुमारे ९० अँपिअरचा प्रवाह. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोटरचा वेग मुख्यतः व्होल्टवर अवलंबून असतो आणि तिचा जोर प्रवाहावर. चढावर आधी जोर हवा असतो. पण जोरासाठी प्रवाह वाढला की जुन्या बॅटरीचे व्होल्ट खाली बसतात आणि वेगही जातो. शिवाय प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते.

हे ऐकल्यावर आम्ही गावातल्या मोटर रिवाइंडिंगच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी मोटरला हातसुद्धा लावला नाही. गाडी चढावर चालू असताना प्रत्येक बॅटरीला मीटर लावून पाहिले. उभ्या गाडीत सहाही बॅटऱ्या ठीक दिसत होत्या, पण भार येताच एकीचे व्होल्ट ८ वरून ६ च्या खाली गेले. एका केबलचे टोक हात लावू नये इतके तापले होते. मागच्या एका चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता, म्हणजे गाडी स्वतःचाच ब्रेक ओढत टेकडी चढत होती! टायरांत हवाही कमी होती. एवढे दुरुस्त केल्यावर गाडी थांबेनाशी झाली. सरासरी वेग ताशी ६ किलोमीटर आला. दुसरे कुणी अशी गाडी सुधारू पाहत असेल तर त्याने आधी हे तपासावे. खर्चही येथेच सर्वांत कमी आहे.

यानंतर खरी सुधारणा. मोटरला किती प्रवाह मिळावा हे कंट्रोलर नावाची पेटी ठरवते. आमची जुनी पेटी तापली की स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाह तोडून टाकी. तिच्या जागी ४०० अँपिअरची बसवली. पेटी मोठी झाली की केबलही जाड हवी आणि मुख्य प्रवाह जोडणारा सोलेनॉइडही तेवढा सोसणारा हवा, नाहीतर दुखणे एका जागेवरून दुसरीकडे सरकते. बॅटऱ्यांचा संच जुना असल्याने तो पुरा बदलला, कारण जुन्यांत एकच नवी मिसळली तर तीही लवकर खराब होते. लिथियमची बॅटरी घेतली असती तर वजन बरेच उतरले असते. शिशाच्या सहा बॅटऱ्या दीडशे किलोंहून अधिक भरतात, लिथियमची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. भाराखाली तिचे व्होल्टही कमी घसरतात. परंतु तिला चार्जर वेगळा लागतो आणि किंमत मालकांना झेपणारी नव्हती.

मोठी चाके लावण्याचा सल्लाही पुष्कळांनी दिला. त्याने सपाटीवर वेग वाढतो, पण जमिनीवरचा जोर घटतो, आणि चढावर गाडी उलट मंदावते. वेगाचे गिअर बसवले तरी तेच होते.

आता सरासरी वेग ताशी ९ किलोमीटर झाला. पूर्वी वर जायला १२ मिनिटे लागत, आता ८ लागतात. मालकांना अजून १८ हवे होते. मी कागदावर मांडून दाखवले की, वेग १८ केला तरी आणखी चारच मिनिटे वाचतील, आणि माणसे चढण्या-उतरण्यातच त्याहून अधिक जातात. प्रवाह मात्र दुप्पट लागेल आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागेल.

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "चढताना दम लागतो, पण गुडघे गेले ते उतरताना. तुमची गाडी उतरते कशी, ते बघा आधी."

ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. अशा बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. उतारावर भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि नेमका तेथेच ब्रेक कमी धरतो. काही नव्या मोटरी उतारावर स्वतः वीज बनवून गाडी रोखतात, आमच्या जुन्या पद्धतीच्या मोटरीत ती सोय नाही. पुढच्या चाकांना ब्रेक बसवा, असे दादाने मालकांना सांगितले. ते पुढच्या हंगामात पाहू म्हणाले. दादाने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि चार दिवस घरी बसला. त्या चार दिवसांत आमच्या घरी कुणी त्याला जा म्हटले नाही, मीही नाही, जरी परीक्षा फीची तारीख जवळ होती. पाचव्या दिवशी मालक स्वतः मिस्त्रींना घेऊन आले.

माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे माणसेच रिक्षा ओढत आली. तेथे २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा चाचणीसाठी सुरू झाल्या आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाच्या खांद्यावरचा भार बॅटरीवर जावा, हे डोलीवाल्याच्या मुलीला कुणी पटवून द्यायला नको. मात्र तो भार उतरवताना अण्णांसारख्यांना त्या वाटेविषयी जे ठाऊक आहे ते विचारून घ्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.

फी वेळेत भरली गेली. दादाची गाडी ताशी ९ नेच चालते. त्या आजीबाई परवा पुन्हा आल्या होत्या, आणि या वेळी वरपर्यंत बसून गेल्या.