महानगरीय एकाकीपण आणि वास्तववाद : सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत महानगरीय जाणिवेची चर्चा प्रामुख्याने साहित्यकृतींच्या आधारे झाली आहे. त्याच महानगराचा शोध घेणाऱ्या चित्रकलेकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांच्या आधारे, दुसऱ्याचे जगणे चित्रित करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर १९७५ ते २००५ या काळात त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी व जोगेन चौधरी यांच्यासमवेत त्यांचा सहभाग होता. मनुष्याकृतीला चित्राच्या केंद्रस्थानी आणणे ही या प्रदर्शनामागील भूमिका होती.

नागरी एकाकीपण म्हटले की अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांचे 'नाइटहॉक्स' (१९४२) आठवते. तेथील एकाकीपणाला रिकाम्या रस्त्याची पार्श्वभूमी आहे. पटवर्धन यांच्या 'ट्रेन' (१९८०) किंवा 'ओव्हरब्रिज' (१९८१) या चित्रांच्या जगात असा रिकामेपणा संभवतच नाही. येथील माणूस गर्दीत एकटा आहे. पुढे 'लोअर परळ' (२००१) मध्ये दृष्टी व्यक्तीकडून परिसराकडे वळते. १९८२ च्या संपानंतर पालटत गेलेल्या गिरणगावाचा संदर्भ तिला आहे.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. 'माझे विद्यापीठ' (१९६६) लिहिणारे नारायण सुर्वे कामगारजीवनाच्या आतून बोलत होते; पटवर्धन व्यवसायाने डॉक्टर होते. स्वानुभव आणि सहानुभूती यांतील भेद दलित साहित्याच्या चर्चेने ठळक केला. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' औरंगाबादेतूनच निघत असे, त्यामुळे येथील अभ्यासकांना तो सहज टाळता येणार नाही. आपण रंगविलेल्या माणसांना त्या आकृतींत स्वतःची प्रतिमा सापडावी, अशी पटवर्धन यांची भूमिका राहिली आहे. परंतु केवळ हेतू शुद्ध असल्याने अधिकार सिद्ध होत नाही.

त्यांचे उत्तर चित्रणपद्धतीत शोधावे लागते. श्रमाने घडलेले शरीर, त्याचा भार, त्याचा थकवा ते बारकाईने पाहतात. त्या माणसाच्या मनात काय आहे हे सांगण्याचा आव मात्र आणत नाहीत. त्यामुळे चित्रातील एकाकीपणाला दुहेरी अर्थ येतो : ते चित्रित माणसाचे असते, तसेच पाहणाऱ्याच्या मर्यादेचेही असते.

स्वानुभवाची जागा अशी दृष्टी घेऊ शकत नाही, हे मान्यच करावयास हवे. तथापि मध्यमवर्गीय लेखकाच्या कामगारचित्रणाचे मूल्यमापन करताना लेखक कोण, या प्रश्नाबरोबरच, त्याने आपल्यातील आणि पात्रातील अंतर लपविले की कलाकृतीत सामावून घेतले, हेही विचारणे आवश्यक ठरते.