माळ मोकळा दिसला म्हणून

प्रश्न (लालबागहून): दिवाळी झाली की आम्ही मित्र गाडीच्या मागे सायकली बांधून पहाटे कर्जतच्या बाजूला जातो. डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या पायथ्याने, शेतवाटांवरून सायकल हाणायची, हा आमचा छंद. परवा एका आजोबांनी काठी आडवी धरली आणि आम्हाला माघारी पाठवलं. मोबाइलवरच्या नकाशात तिथे स्वच्छ वाट दिसत होती. शेत मोकळं होतं, पीक नव्हतं, कुंपणही नव्हतं. मग आमचं चुकलं कुठे? अशा वाटेने जाण्याचा हक्क कायद्याने मिळतो का?

उत्तर: शेत मोकळं होतं हे मला पटलेलं नाही, म्हणून आधी तेच घेतो. कर्जत, पाली, रोहा या पट्ट्यात भात कापून झालं की जमिनीतल्या अंगओलीवर वाल पेरतात. त्याला पाणी द्यायचं नसतं, म्हणून पाट नाहीत, वाफे नाहीत. पेरल्यावरचे आठ-दहा दिवस भाताची धसकटं तेवढी दिसतात आणि मुंबईच्या माणसाला ती जमीन पडीक वाटते. थंडीत ज्या पोपटीसाठी आपण अलिबाग-पनवेलकडे धावतो, तिच्यातल्या शेंगा अशाच ‘मोकळ्या’ शेतांतून येतात.

शेताच्या वरच्या अंगाचा उतार घ्या. तिथे नुसतं गवत असतं. पण ते गवत कापून, भारे बांधून विकायचं असतं किंवा स्वतःच्या गुरांसाठी रचून ठेवायचं असतं. उभं गवत चाकाखाली लोळलं की विळा नीट चालत नाही. उन्हाळ्यात शेताच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून राब भाजतात. तो काळा पडलेला तुकडा तुम्हाला जळकी जागा वाटेल. पावसाच्या तोंडावर तिथेच भाताचं रोप तयार होतं. आणि पावसाळ्यात बांधावरून सायकल नेणं हा तर सरळ उपद्रव आहे. खाचराचा बांध त्या दिवसांत पाणी अडवून धरत असतो. ओल्या बांधावर चाकाची घळ पडली की पाणी तिथूनच वाट काढतं, रात्रीत खांड पडते आणि सकाळी वरचं खाचर कोरडं दिसतं. शेताबाहेरच्या माणसाने त्यातल्या त्यात निर्धास्त फिरावं असे महिने मार्च ते मे. नेमके त्याच दिवसांत उन्हाला भिऊन तुमची मंडळी सायकली माळ्यावर टाकतात.

आता कायदा. तुम्हाला हक्क नाही, असं स्पष्टच सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातलं १४३ वं कलम बांधावरून रस्ता देण्याबद्दल आहे, पण तो रस्ता ज्याला स्वतःच्या शेतात पोहोचायचं आहे त्या शेजारच्या शेतकऱ्याला मिळतो, आणि तोही तहसीलदाराने गरज पाहून दिल्यावर. आधीपासूनची वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. तीही शेतीचं काम अडलेल्यांची सोय आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येतो खरा. मात्र तो हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर मिळतो. तुमची जमीन लालबागला, तीही बहुधा चौथ्या मजल्यावरची. कर्जतच्या बांधाशी तिचा संबंध लावणारा वकील अजून जन्माला यायचा आहे.

तुमचं तिथून जाणं हा गुन्हा होता का? नुसतं जाणं, बहुधा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमात फौजदारीपात्र अतिक्रमणासाठी हेतू लागतो: गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा. पण मालकाने ‘निघा’ म्हटल्यावरही तिथेच थांबून हुज्जत घातली, मोबाइल काढून त्याचं चित्रण सुरू केलं, तर तो हेतू तुमच्या वागण्यातूनच दिसू लागतो. पिकाचं नुकसान केलं तर आगळीकीचं कलम वेगळंच. फौजदारी सुटली तरी दिवाणी जबाबदारी सुटत नाही. वनखात्याची राखीव जमीन असेल तर हिशेब आणखी निराळा, कारण १९२७ च्या वन कायद्यात राखीव वनातली विनापरवाना घुसखोरी हाच गुन्हा आहे आणि तिथे कुठल्याही आजोबांची परवानगी चालत नाही.

मोबाइलच्या नकाशावर फार विसंबू नका. तिथली बारीक रेघ कुणीतरी उपग्रहाच्या छायाचित्रावरून ओढलेली असते, नाहीतर तुमच्यासारखाच कुणी आधी तिथून गेलेला असतो. खरी वाट गावनकाशात असते. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ फूट धरतात. या वाटा कुणा एकाच्या नाहीत, त्यावरून खुशाल जा. बाकी जमीन कुणाची हे घरबसल्या पाहायचं असेल तर शासनाच्या महाभूनकाशावर गट क्रमांक दिसतात आणि त्यावरून सातबारा काढता येतो.

पण आजोबांनी काठी आडवी धरली ती वालाच्या दाण्यांसाठीच असेल असं मला वाटत नाही. तिथल्या शेतकऱ्याला धास्ती असते ती वहिवाटीची. आज दोन सायकली गेल्या, पुढच्या रविवारी दहा येतात, गवत मरतं, मातीत पट्टा उमटतो. मग जीप आत घालणारा कुणीतरी म्हणतो, इथे रस्ता आहेच की. त्यानंतर टेप घेऊन मोजणी करणारे येतात, पाठोपाठ प्लॉटच्या जाहिराती लागतात. मुंबईपासून दोन-अडीच तासांवर जमिनीला जो भाव आला आहे तो पाहता ही भीती खुळी नाही. तुमच्या आधी आलेल्या मुंबईकरांनी ती रुजवली आहे. सायकल निरुपद्रवी आहे हे शेतकऱ्यालाही दिसतं. त्याचं लक्ष असतं ते तिच्या मागे उमटणाऱ्या रेघेवर.

म्हणून विचारायचं. कुणाला, हा मात्र अवघड भाग आहे. सातबाऱ्यावरचा मालक बहुतेक वेळा गावात नसतो. तुम्हाला हे मी सांगायला नको. परळ-लालबागच्या निम्म्या घरांतल्या ट्रंकेत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जमिनीचा एक सातबारा असतो, त्यावर आजोबांपासून चुलत्यांपर्यंत वीस-पंचवीस नावं असतात आणि जमीन प्रत्यक्षात कसतो गावी राहिलेला एक पुतण्या. गणपतीत गावी गेल्यावर आपल्या आंब्याखाली अनोळखी माणसांनी जेवणाची पानं टाकलेली दिसली तर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. तेव्हा कागदावरच्या मालकाच्या मागे लागू नका. जो तिथे राबतो त्याला विचारा. कर्जत-मुरबाडच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांत तर २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेले तुकडे असतात. तिथे ‘इथे कुणी नसतं’ हा समज सर्वांत चुकीचा.

विचारणं म्हणजे सायकलवर बसल्या बसल्या हात हलवणं नव्हे. खाली उतरा, हेल्मेट आणि गॉगल काढा. चेहरा दिसला की अर्धं काम होतं. ‘मामा, इकडून वरच्या खिंडीत जायचंय, सायकल नेली तर चालेल का? नाहीतर दुसरी वाट सांगा’, एवढं पुरे. ‘नाहीतर दुसरी वाट सांगा’ हे विसरू नका, कारण त्यात नाही म्हणायला जागा राहते आणि बहुधा त्यामुळेच हो मिळतं. हातावर नोट ठेवू नका. त्याने जमिनीचं भाडं ठरतं आणि पुढच्या येणाऱ्याला ते महाग पडतं. त्यापेक्षा वाडीतल्या टपरीवर चहा घ्या, घरचे तांदूळ किंवा वाल विकायला असतील तर रीतसर भावाने घ्या. घासाघीस दादरच्या मंडईसाठी राखून ठेवा.

परवानगी मिळाल्यावर तुम्ही काय करता, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सायकल चालवणाऱ्यांची ॲप्स तुमचा मार्ग नोंदवतात आणि जगाला दाखवतात. त्या आजोबांनी हो म्हटलं ते तुम्हाला, त्या दिवसापुरतं. सुविधाधिकार कायद्याच्या ५६ व्या कलमात हेच आहे: अशी परवानगी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. मार्ग जाहीर केलात की तुम्ही ती शंभर अनोळखी लोकांना वाटलीत. मालकीच्या जमिनीतला तुकडा नोंदीतून लपवा, नाहीतर नोंदच करू नका. हे पाळणारे मला फार थोडे भेटले आहेत. चांगली सापडलेली वाट लपवून ठेवायला सायकलवाल्याच्या जिवावर येतं.

प्रश्न (गिरगावहून): माझा भाचा एडिंबरोत शिकतो. तो म्हणतो, तिथे डोंगरात कुठेही सायकल न्या, कुणी विचारत नाही. आपल्याकडे असा कायदा का नाही?

उत्तर: भाचा अर्धं बरोबर सांगतो. २००३ च्या स्कॉटलंडच्या जमीन सुधारणा कायद्याने सायकलसकट कुणालाही बहुतेक जमिनीवर जाता येतं, पण जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. घराच्या आवारात आणि पेरलेल्या शेतात हा हक्क चालत नाही. त्याच्या दक्षिणेला, इंग्लंडमध्ये, तो मुळीच चालत नाही. तिथे पायवाट पायी चालणाऱ्यांचीच. घोडेवाटेवर सायकलला १९६८ च्या कायद्याने मुभा दिली, तीही पायी जाणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची या अटीवर.

कायदा का नाही, याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते गिरणगावच्या वाचकांनाही लागू पडतं. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि आसपासच्या कामगार पोरांनी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडोंनी मुद्दाम अतिक्रमण केलं. तो माळ मूठभर जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला, पण त्या आंदोलनाचा रेटा पुढे १९४९ च्या राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यापर्यंत पोहोचला. म्हणजे तिथे गिरणीच्या गावातला माणूस जमीनदाराच्या शिकारीच्या रानाकडे हक्क मागत होता.

आपल्याकडे त्याच सुमारास नेमकं उलटं चाललं होतं. लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीला तयार झालेली वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ती पुरेना म्हणून मुळशीला धरण घालायचं ठरलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. भूसंपादनाच्या कायद्याने जमिनी गेल्या, शेतं पाण्याखाली गेली आणि परळ-लालबागचे माग त्या विजेवर फिरले. इथे शहराने शेतकऱ्याची जमीन घेतली होती. असं असताना शहरातल्या माणसाला शेतकऱ्याच्या रानात मुक्त संचाराचा हक्क द्या, ही मागणी मी तरी करणार नाही. स्कॉटलंडमध्ये हजारो एकरांचे मालक आहेत. आपल्याकडे एकाच गटात चार भाऊ असतात आणि मधला बांध हललाय की नाही यावर त्यांचं तीन पिढ्या बोलणं बंद असतं.

तुम्ही गिरगावकर आहात, तर खोताच्या वाडीची तक्रार कानावर आली असेलच. गल्लीतून कुणीही जावं, त्याला रहिवासी हरकत घेत नाहीत. पण लाकडी जिन्याचा फोटो हवा म्हणून लोक थेट कुणाच्या ओट्यावर चढून बसतात. शेतकऱ्याचीही तक्रार तीच आहे.

प्रश्न (दादरहून): शेतकऱ्याने वाटेत तार ताणून ठेवली तर? आणि आमच्या सायकली अडकवून ठेवल्या तर?

उत्तर: करवंदीची डहाळ आडवी टाकली असेल तर ते कुंपण आहे. परत फिरा, आणि ती उचलून बाजूला टाकून जाऊ नका. मानेच्या उंचीवर न दिसणारी तार ताणणं मात्र गैर आहे. त्यात कुणी जखमी झालं तर ‘जमीन माझी’ एवढं उत्तर पोलीस ठाण्यात पुरत नाही. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणारेही आहेत, ते तर सरळ बेकायदा. अंधारात शेतवाटेवर सायकल न चालवण्याचं हे एक कारण.

सायकल अडकवण्याचं म्हणाल, तर शेतात शिरलेलं जनावर पकडून कोंडवाड्यात नेण्याचा अधिकार शेतकऱ्याला १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने दिला आहे. गुरांच्या व्याख्येत हत्ती, उंट, घोडे, गाढवं, डुकरं, शेळ्या, सगळे आहेत. सायकल नाही. तेव्हा ती तो ठेवून घेऊ शकत नाही. पण नुकसान झालं असेल तर ते तिथल्या तिथे विचारून भरून द्या. जुलैत भाताच्या रोपात चाक गेलं असेल, तर नुसत्या पैशांनी भागत नाही. लावणी तोंडावर आलेली असताना दुसरं रोप कुणाकडे शिल्लक नसतं.