जहाजावरील सहल आणि नित्याची औषधे

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसेवेचा तपशील देण्याबरोबरच एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाचा सविस्तर विचार मांडावा, अशी आमची प्रथा आहे. यंदा निवडलेला विषय पाहून ढाणकीच्या वाचकांस प्रथम आश्चर्य वाटेल. आपले गाव पैनगंगेच्या खोऱ्यातले. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही जहाजावरील सहलीत औषधे कशी सांभाळावीत, अशी पृच्छा अलीकडे आमच्या बाह्यरुग्ण विभागात होऊ लागली आहे. कारण उघड आहे. शिक्षण व नोकरीनिमित्त येथील मुलेमुली पुण्या-मुंबईस स्थिरावली. आई-वडिलांनी आयुष्यभर शेतीत व संसारात कष्ट उपसले, त्यांना एकदा तरी समुद्र दाखवावा, अशी त्यांची इच्छा असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटन जहाज सुरू झाले आणि २०२१ पासून मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे मोठ्या जहाजांच्या सफरी होऊ लागल्या. सहलीचे तिकीट मुले काढतात. परंतु त्या तिकिटावर जाणारे आई-वडील बहुधा साठी ओलांडलेले आणि मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयविकाराची औषधे नित्य घेणारे असतात.

आम्ही व्यवसायाने वैद्य नव्हे, रुग्णालयाचे व्यवस्थापन पाहणारे आहोत. पुढील विवेचन आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी चर्चा करूनच सिद्ध केले आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल : समुद्रात आजार बदलत नाही, तो सावरण्याची सोय मात्र कमी होते, म्हणून जहाजावरील औषधोपचाराची खरी तयारी घरीच पूर्ण झाली पाहिजे.

१. जहाजावर काय मिळते, काय मिळत नाही

गावात गोळी संपली तर औषधाचे दुकान चार पावलांवर असते. तेथे न मिळाली तर उमरखेड आहे, नांदेड आहे. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की ही सोय संपते. मोठ्या पर्यटन जहाजांवर डॉक्टर, परिचारिका व लहानसा दवाखाना असतो. प्राथमिक उपचार, प्राणवायू, सलाईन, हृदयाचा आलेख इत्यादी सोयी तेथे सामान्यतः उपलब्ध असतात. परंतु त्या दवाखान्याचा औषधसाठा तातडीच्या प्रसंगांसाठी असतो. प्रत्येक प्रवाशाची नित्याची गोळी, तीही त्याच नावाची व त्याच मात्रेची, तेथे असेलच असे नाही. रक्तपेढी किंवा मोठ्या शस्त्रक्रियेची व्यवस्था तेथे अपेक्षू नये. रुग्ण गंभीर झाल्यास त्याला जवळच्या बंदरावर उतरवावे लागते आणि त्यात मोलाचे तास जातात. या दवाखान्याचे शुल्कही बहुधा तिकिटात समाविष्ट नसते. शिवाय भर समुद्रात भ्रमणध्वनी लागत नाही. त्यामुळे “मुलाला फोन करून विचारतो” हा घरचा उपायही प्रत्येक वेळी चालत नाही.

२. योकोहामाचा धडा

जपानमधील योकोहामा बंदरातून २० जानेवारी २०२० रोजी ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज सुमारे दोन आठवड्यांच्या सफरीवर निघाले. त्यातून उतरून गेलेल्या एका प्रवाशास कोरोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. जहाज योकोहामास परतले, पण प्रवाशांना उतरू दिले गेले नाही. ५ फेब्रुवारीपासून चौदा दिवस त्यांना आपापल्या खोलीत राहावे लागले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी सातशेहून अधिक बाधित झाली. जहाजावर एकूण १३८ भारतीय होते, बहुतेक तेथील कर्मचारी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रवाशांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते. त्यांनी औषधे आणली होती ती सहलीच्या दिवसांपुरती. मुक्काम लांबताच मधुमेह, रक्तदाब व हृदयविकाराच्या गोळ्या संपू लागल्या. औषधे अपुरी असल्याचे फलक जहाजाच्या कठड्यावरून दाखविण्याची वेळ प्रवाशांवर आली. जपान सरकारला बाहेरून औषधे पुरवावी लागली. वैद्यकीय दृष्ट्या प्रगत देशाच्या बंदरात, किनारा डोळ्यांसमोर दिसत असताना हे घडले. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या एका जहाजावरही ६६ जण बाधित आढळले आणि सफर ठरल्याप्रमाणे पूर्ण होऊ शकली नाही. साथ नसली तरी वादळ, यंत्रातील बिघाड, बंदरातील अडचण यांपैकी कोणत्याही कारणाने प्रवास लांबू शकतो.

३. औषधांचा राखीव निधी

वाणिज्य शाखेत आम्हांस पहिल्याच वर्षी शिकविले गेले की, कोणत्याही संस्थेने सगळी शिल्लक खर्चाच्या अंदाजात धरू नये. राखीव निधी वेगळा ठेवावा. औषधांनाही हाच नियम लावावा. उदाहरणार्थ, जहाजावर तीन रात्री म्हणजे चार दिवस. ढाणकीहून नांदेडमार्गे रेल्वेने मुंबईस जाण्या-येण्याचे दोन दिवस. मुलाकडे मुक्काम दोन दिवस. एकूण आठ दिवस झाले. त्यावर किमान सात दिवसांची राखीव भर घालावी. म्हणजे चार दिवसांच्या सहलीसाठी पंधरा दिवसांची औषधे निघतात. परदेशी सफर असल्यास राखीव साठा दोन आठवड्यांचा असावा. प्रवास बंदरावर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो, हे हिशेब करताना लक्षात ठेवावे.

औषधे ठेवावीत कोठे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीपर्यंत पोहोचण्यास त्यांना काही तास लागतात. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचे इन्सुलिन अशाच बॅगेत राहिले. जेवणाची वेळ झाली, भोवती पंक्तीच्या पंक्ती मांडलेल्या. बॅग येईपर्यंत रात्र झाली होती. गुरुजींनी संयम राखून जेवण लांबविले व जहाजावरील डॉक्टरांना गाठले, म्हणून निभावले. सबब औषधे हातातील पिशवीतच असावीत. शक्य तर साठ्याचे दोन भाग करून एक स्वतःजवळ व दुसरा सोबत्याजवळ द्यावा. गोळ्या मूळ पट्टीतच असू द्याव्यात. सुट्या गोळ्या कागदात बांधून नेल्यास गरजेच्या वेळी त्या कोणत्या, हे कोणालाच सांगता येत नाही.

४. कागद जवळ असावेत

डॉक्टरांची ताजी चिठ्ठी सोबत हवी. तीत औषधाच्या व्यापारी नावाबरोबर मूळ नाव, मात्रा व घेण्याची वेळ लिहिलेली असावी. व्यापारी नावे कंपनीगणिक व देशागणिक बदलतात, मूळ नाव बदलत नाही. आजारांची नावे, ॲलर्जी, रक्तगट, पूर्वीच्या शस्त्रक्रिया व नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून खिशात ठेवावा. हृदयविकाराच्या रुग्णाने जुन्या आलेखाची प्रत न्यावी; नवा आलेख पाहणाऱ्या डॉक्टरांस तुलनेसाठी तिचा फार उपयोग होतो.

परदेशी बंदरे असतील तर अधिक दक्षता हवी. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळणारी काही वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या व खोकल्याची औषधे अन्यत्र निर्बंधित आहेत. ट्रॅमाडॉल व कोडीनयुक्त औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. सिंगापुरातही अशा काही औषधांना अगोदर परवानगी लागते. सहल कंपनीकडे व त्या त्या देशाच्या दूतावासाकडे आधीच चौकशी करावी. प्रवासविमा घेताना असलेला आजार लपवू नये. लपविलेल्या आजाराचा दावा नामंजूर होण्याचा धोका असतो.

५. औषधांना सुटी नाही

“चार दिवस मजेत जाऊ द्या, गोळ्या परत आल्यावर घेऊ,” असे म्हणणारे रुग्ण आम्हांस भेटतात. या बोलण्यामागची भावना समजते. परिणाम मात्र गंभीर होऊ शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास दाब उसळतो. फिटची औषधे चुकल्यास झटका येऊ शकतो. हृदयात स्टेंट बसविलेल्या रुग्णाने रक्त पातळ राखणारी गोळी मनाने थांबविल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते. प्रसाधनगृहाची अडचण नको म्हणून लघवीची गोळी वगळणारे पुष्कळ आहेत; अशा रुग्णांस पायांवर सूज व धाप हमखास त्रास देते. गोळीची वेळ बदलावयाची असल्यास डॉक्टरांना विचारून बदलावी. गोळी वगळू नये.

जहाजावर अन्न मुबलक असते व वेळी-अवेळी मिळते. मधुमेही व्यक्तीने औषध व जेवण यांची नेहमीची सांगड मोडू नये, खिशात साखर अथवा ग्लुकोज बाळगावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, पण गोठू देऊ नये. वापरात असलेली कुपी साधारणतः चार आठवडे ३० अंशांखाली टिकते. मे महिन्यातील आपल्याकडच्या उन्हात मात्र रेल्वेच्या डब्यातही ती थंड पिशवीत असावी. खोलीतील लहान शीतकपाट पुरेसे थंड नसल्यास जहाजाच्या दवाखान्यात ठेवण्याची विनंती करावी.

६. बोट लागणे आणि पोट बिघडणे

एस.टी.च्या प्रवासात गाडी लागते, तशी समुद्रात बोट लागते. यावरील गोळी मळमळ सुरू होण्यापूर्वी, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घेतल्यास अधिक उपयोगी पडते. परंतु या गोळ्यांनी गुंगी येते. प्रोस्टेटची वाढ किंवा काचबिंदू असणाऱ्या वृद्धांस त्यांतील काही औषधे अपायकारक ठरतात. त्यामुळे शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये. जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. दूरच्या क्षितिजावर नजर ठेवल्यानेही आराम पडतो. उलट्या झाल्यास घेतलेले औषध पोटात राहिले की नाही, हे सांगता येत नाही; अशा वेळी मनाने दुसरी गोळी न घेता डॉक्टरांना विचारावे.

अनेक माणसे एकत्र राहतात तेथे जुलाब-उलट्यांची साथ लवकर पसरते. जहाजांवर वरचेवर आढळणाऱ्या नोरो विषाणूवर हाताला लावावयाच्या द्रवापेक्षा साबण व पाणी अधिक परिणामकारक आहे. क्षारसंजीवनीची चार पाकिटे प्रत्येकाने न्यावीत.

७. विचारूनच जावे

नुकताच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी, डायलिसिसवर असणाऱ्यांनी आणि वारंवार धाप लागणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या संमतीशिवाय तिकीट काढू नये. गर्भारपणाचे चोवीस आठवडे पूर्ण होत असल्यास बहुतेक जहाजे प्रवेश देत नाहीत. इतरांनीही निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे तपासणी करून घ्यावी. आदल्या दिवशी प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या रुग्णाची साखर वाढलेली आढळली, तर डॉक्टरांच्या हाती उपाय करण्यास वेळ उरत नाही आणि भरलेले पैसे डोळ्यांसमोर असल्याने कुटुंबही नकार ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते.

समारोप

वरील नियम जहाजापुरते मर्यादित नाहीत. पंढरीची वारी, चारधाम, नर्मदा परिक्रमा यांस जाणारे आपल्या परिसरातील भाविक जहाजाच्या प्रवाशांहून कितीतरी अधिक आहेत. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे आणि तेथेही औषधाचे दुकान सहजी हाताशी नसते. रुग्णांच्या मुलामुलींस आमची विनंती आहे की, आई-वडिलांचे तिकीट काढाल त्याच दिवशी त्यांच्या गोळ्यांची मोजदादही करावी. ज्यांना पंधरा दिवसांची औषधे एकदम विकत घेणे परवडत नाही, अशा यात्रेकरूंस आपल्या रुग्णालयाच्या औषधनिधीतून साहाय्य देण्यात येते आणि औषधांची यादी मराठीत व मूळ नावांसह विनामूल्य लिहून दिली जाते. हे देणगीदारांच्या औदार्यामुळेच शक्य होते. आयुष्यभर राबलेल्या माणसाने समुद्र पाहावा, विठ्ठलाचे दर्शन घ्यावे आणि सुखरूप घरी परतावे, याहून या निधीचा अधिक चांगला विनियोग आम्हांस दिसत नाही.